मातीच्या तेलात धुतलेला कॅलिपर

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. एका माणसाच्या मोटारसायकलचा समोरचा ब्रेक मी मातीच्या तेलात, म्हणजे रॉकेलमध्ये, धुतला. त्यामुळे आठवड्याभराने ती गाडी पडली आणि मागे बसलेल्या त्यांच्या बायकोचं मनगट मोडलं. ही पहिली चूक अज्ञानातली. दुसरी अज्ञानातली नव्हती. गाडी कशाने पडली हे कळल्यावरही, ‘ब्रेक तुम्हीच जोरात दाबला’ हे मी त्या माणसाला खरं वाटू दिलं. सात वर्षं वाटू दिलं.

वर्ध्याला लागून सिंदी मेघेत माझं गॅरेज होतं. रस्त्याच्या कडेला टिनाचं शेड, समोर कडुनिंब, त्याच्या बुंध्याला टेकवलेले जुने टायर. काम मी शिकलो ते नव्वदच्या दशकात, आर्वीला, एस.टी. डेपोच्या मागच्या गल्लीतल्या एका उस्तादाकडे. तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या सगळ्या मोटारसायकलींना ड्रम ब्रेक असायचे. चाक काढायचं, ड्रममधली धूळ झटकायची, ब्रेक शू पॉलिश पेपरने घासायचे, शू फाकवणाऱ्या कॅमला ग्रीसचं बोट लावायचं आणि चाक परत बसवायचं. बाकी सुटे भाग मातीच्या तेलात जायचे. तेलाचा पिपा आडवा कापून केलेला ट्रे उस्तादाच्या पायाशी कायम भरलेला असे. चेन त्यात, कार्बोरेटर त्यात, बेअरिंग त्यात. “आधी धू, मंग माह्यासमोर आन,” असं उस्ताद म्हणायचा. न धुतलेल्या पार्टकडे तो बघतही नसे. मी स्वतःचं गॅरेज टाकलं तेव्हा पहिला तसा ट्रे तयार केला आणि पाने नंतर घेतले.

दोन हजार साल उलटल्यावर आमच्या भागात समोर डिस्क असलेल्या गाड्या दिसायला लागल्या. सुरुवातीला लोक ती चकचकीत चकती बघायला थांबायचे. आम्हा मिस्त्र्यांपैकी कोणी ती उघडायला शिकलेलं नव्हतं. नागपूरला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन शिकून यावं, इतकी सवड कोणाला नव्हती, आणि आपल्याला येत नाही असं गिऱ्हाइकाला सांगायची पद्धतही नव्हती. मी एक-दोन कॅलिपर उघडून बघितले होते. पॅड बदलता यायला लागले होते. तेवढ्यावर मी स्वतःला डिस्कचा मिस्त्री म्हणवून घेत होतो.

ज्यांची ही गोष्ट आहे ते एका सरकारी कार्यालयात बाबू होते. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. मी त्यांना बाबूजी म्हणायचो, ते मला मिस्त्री. आमच्या मागच्याच गल्लीत त्यांचं घर. त्यांच्या बायकोला सगळी वस्ती ओळखत होती, कारण अर्ध्या वस्तीचे ब्लाउज त्या शिवायच्या. त्यांना मी वहिनी म्हणायचो. माझ्या बायकोचे लग्नानंतरचे सगळे ब्लाउज त्यांच्याच हातचे.

बाबूजींनी डिस्कची गाडी घेतली, तेव्हा गल्लीत ती पहिलीच होती. ते तिला इतकं जपायचे की वहिनी म्हणायच्या, “मले पावसात पायी न्याल, पन गाडी झाकून ठेवसाल.”

ते गाडी घेऊन आले ते खंडेनवमीच्या दोन दिवस आधी. गॅरेजवाल्यासाठी ते दिवस म्हणजे जत्रा. दसऱ्याच्या पूजेआधी प्रत्येकाला गाडी धुऊन, ऑइल बदलून, चेन चकचकीत करून पाहिजे असते. शेडसमोर गाड्यांची ओळ लागली होती. बाबूजींनी आपली गाडी ओळीच्या पुढे आणून लावली.

“मिस्त्री, समोरचा ब्रेक कुईकुई करून राह्यला. येत्या रविवारी हिंगणीले जायचं आहे दोघायले. एवढं पाहून द्या.”

ओळीतल्या एकाने लगेच हटकलं. “ओ बाबूजी, नंबर लावा न. आमच्या गाड्यायले पूजा आहे. तुमच्या घरी पूजाच नाई तं तुमाले कायची घाई?”

बाबूजी बौद्ध. दसऱ्याला ते नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, तेही रेल्वेने. ते हसत म्हणाले, “तुमच्या गाड्यायले देव सांभाळते बावा. माह्या गाडीले ब्रेकच सांभाळन, म्हनून घाई.”

सगळे हसले. मीही हसलो आणि त्यांची गाडी आधी घेतली.

काम मी काय केलं ते नीट सांगतो, कारण त्यातच सगळं आहे. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा. समोरच्या शॉकअपच्या नळीला तो दोन बोल्टांनी धरलेला असतो. आत पितळी रंगाचे पॅड, त्यांच्या मागे कपासारखा पिस्टन आणि पिस्टनभोवती खाचेत बसलेलं रबरी सील. हँडलवरचा लिव्हर दाबला की नळीतून ब्रेक ऑइल येऊन पिस्टनला ढकलतं, पिस्टन पॅडला ढकलतो आणि पॅड डिस्कला आवळतात. लिव्हर सोडला की त्याच रबराच्या ताणाने पिस्टन केसभर मागे येतो. तेवढा मागे आला नाही तर चाक मोकळं होत नाही.

मी दोन्ही बोल्ट काढून कॅलिपर उतरवला. पॅडवर धूळ आणि चिकटा होता, कुईकुई त्याचीच होती. पॅड पॉलिश पेपरवर घासून परत बसवले असते तर काम झालं असतं. पण दसऱ्याची गर्दी होती, चार माणसं बघत होती आणि मला डिस्क येते हे त्यांना दिसायला हवं होतं. मी लिव्हर दाबून दाबून पिस्टन बाहेर काढला. सुईच्या टोकाने सील काढलं. आणि कॅलिपर, पिस्टन, सील सगळं ट्रेमध्ये टाकलं, चेनच्या शेजारी. तेवढ्यात चहा आला. चहा झाल्यावर आणखी एक गाडी हातावेगळी केली. मग ब्रशने घासून, फडक्याने पुसून सगळं परत जोडलं, नवीन ब्रेक ऑइल भरलं, नळीतली हवा काढली. चाक हवेत फिरवून पाहिलं, मस्त फिरत होतं. नागपूर रोडपर्यंत चक्कर मारून आलो, गाडी जागच्या जागी थांबत होती.

“आता बोला, येते काय आवाज?” मी म्हणालो.

“वा मिस्त्री!” बाबूजी म्हणाले.

दसरा झाल्यावर ते ऑफिसला जाताना गॅरेजसमोर थांबले. गाडीवरूनच म्हणाले, “चाक थोडं जड वाटून राह्यलं. उतारावर पयले आपोआप पयत होती गाडी, आता तितकी नाई पयत.”

मी एका इंजिनात हात घालून बसलो होतो. उठलो नाही. “साफ केलं न आता बाबूजी, सेट व्हायले वेळ लागते. चार दिवस चालवा, होऊन जाईन.”

उठून चाक उचलून हाताने फिरवून बघायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

त्या रविवारी ते दोघं हिंगणीला गेले. तिथे वहिनींच्या भावाच्या घरी त्यांच्या वडिलांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे स्मृतिदिनाचा, कार्यक्रम होता. जेवणं झाल्यावर दुपारी परत निघाले. सेलूच्या अलीकडे रस्त्यावर म्हशी आडव्या आल्या. बाबूजींनी वेग कमी करायला ब्रेक दाबला आणि सोडला, पण ब्रेक सुटला नाही. समोरचं चाक तिथेच अडकलं. गाडी फार वेगात नव्हती. बाबूजींचं कोपराला खरचटण्यावर निभावलं. वहिनींनी पडताना उजवा हात पुढे टेकला, आणि सगळा भार त्या मनगटावर आला.

संध्याकाळी गाडी एका छोट्या टेम्पोत टाकून बाबूजी गॅरेजला आले. वहिनींना दवाखान्यात प्लास्टर घालून भावाजवळ बसवून आले होते. शर्टाची बाही फाटलेली, चप्पल एकाच पायात. दुसरी कुठे गेली हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

“मिस्त्री, खरं सांगा,” ते म्हणाले. “समोरचा ब्रेक मी जास्त दाबला असन काय? मले आठवूनच नाई राह्यलं. म्हशी दिसल्या अन मी दाबला, एवढंच आठवते.”

तोपर्यंत मी गाडीला हात लावला नव्हता. जे डोक्यात आलं ते बोललो. “दाबलाच असन बाबूजी. डिस्क ड्रमसारखी नसते. दोन बोटायनं दाबाची असते, तुमी मूठ आवळली असन. नव्या डिस्कवाल्यायचं असंच होते.”

ते मान हलवत राहिले. “हो. मूठच आवळली असन मी,” म्हणाले. आणि दवाखान्यात परत गेले.

इथपर्यंत मी खोटं बोललो नव्हतो, एवढंच मी स्वतःच्या बाजूने म्हणू शकतो. मला तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी स्टँडवर घेतली. समोरचं चाक हलेना. कॅलिपरचे दोन्ही बोल्ट काढले तरी कॅलिपर डिस्क सोडेना. हातोड्याच्या लाकडी मुठीने ठोकून ठोकून तो उतरवावा लागला. डिस्कवर निळसर डाग पडले होते, जसे तापलेल्या तव्यावर पडतात. पॅड जळून काळे झाले होते. म्हणजे ब्रेक हिंगणीच्या रस्त्यावर म्हशी दिसल्या तेव्हा धरला नव्हता. तो आठवडाभर धरूनच होता.

पिस्टन मोठ्या मुश्किलीने निघाला. त्याच्यामागून सील बाहेर आलं, आणि परत खाचेत बसवून बघितलं तर बसेना. मऊ पडलं होतं, जाड झालं होतं, एका बाजूला दाबलं की दुसऱ्या बाजूने खाचेबाहेर येत होतं.

ते सील कागदात गुंडाळून मी वर्ध्याला स्टँडजवळच्या पार्टवाल्याकडे गेलो. तो म्हातारा होता, नागपूरच्या मोठ्या दुकानात वीस वर्षं काउंटरवर काढून आलेला. त्याने सील बोटांत धरून दाबलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“हे तं दोन जीवाच्या बाईसारखं फुगलं बावा. कायच्यात धुतलं?”

“मातीच्या तेलात.”

“अन पेट्रोलनं पुसलं असन वरून?”

“नाई. फक्त मातीच्या तेलात.”

“तेवढं पुरते,” तो म्हणाला. “ब्रेकचं रबर मातीचं तेल पेते. पेते अन फुगते. एका दिवसात नाई फुगत, हळूहळू फुगते. मंग पिस्टनले मांग येऊ देत नाई. हे फक्त ब्रेक ऑइलनं पुसाचं असते. कोन धुतलं हे?”

“एका मिस्त्रीनं,” मी म्हणालो.

“तुमच्या आर्वीच्या उस्तादाच्या शाळेतला दिसते,” तो म्हणाला आणि नवीन किट काढायला आत गेला.

त्या दुकानातून मी सायकलने परत आलो, आणि मला सगळं कळलेलं होतं. ते कळल्याची वेळ आणि जागा मला अजून आठवते. बजाज चौकात सिग्नल नव्हता, तरी मी थांबलो होतो.

तो कॅलिपर मी आयुष्यात कोणताच जोडला नसेल इतका नीट जोडला. स्वच्छ सुती फडकं ब्रेक ऑइलमध्ये बुडवून खाच पुसली. नवीन सील ब्रेक ऑइलने ओलं केलं, कुठे पीळ पडला नाही ना हे बोट फिरवून पाहिलं. पिस्टन दोन्ही अंगठ्यांनी सरळ आत सरकवला. नवीन पॅड घातले. हवा काढायला दुपार घालवली, नळीतला शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत. चाक हवेत फिरवलं तर बराच वेळ आपलं आपलं फिरत राहिलं. मी ते बघत बसलो होतो.

गाडी न्यायला बाबूजी आले ते ऑफिसमधल्या एका मित्राला घेऊन. ते स्वतः गाडीवर बसायला तयार नव्हते. मित्र त्यांची चेष्टा करत होता. “काऊन बे, पडला म्हनून जिंदगीभर पायी फिरतं काय?”

“मिस्त्रीनं पयल्याच दिवशी सांगतलं,” बाबूजी त्याला म्हणाले. “डिस्क दोन बोटायची असते. मी मूठ आवळली. हात माह्या, मनगट तिचं. आता मी नाई बसत.”

मी समोर उभा होतो. पाना हातात होता. तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. मित्राने गाडीला किक मारली. गाडी सुरू झाली. बाबूजींनी मजुरी विचारली, मी म्हणालो, “राहू द्या.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “मानूस चांगला आहे हा,” असं ते मित्राला म्हणाले. ते दोघं गेले.

महिन्याभरात त्यांनी गाडी विकली आणि सायकल घेतली.

वहिनींचं प्लास्टर निघालं. हाड जुळलं होतं, पण मनगट पूर्वीसारखं वळत नव्हतं. मशीन त्या चालवू शकत होत्या, कात्री चालवू शकत नव्हत्या. कापड कापायला बसलं की दहा मिनिटांत हात बधिर व्हायचा. आणि ब्लाउज शिवणाऱ्या बाईचं कसब कापण्यात असतं, शिवण्यात नाही, हे मला माझ्या बायकोने सांगितलं. एक दिवस ती कापड परत घेऊन आली. “वहिनी आता फक्त फॉल-पिको घेतात,” म्हणाली. “ब्लाउजसाठी रामनगरला जा म्हणतात.” मी जेवत होतो. माझ्या बायकोलाही मी सात वर्षं सांगितलं नाही.

गल्लीत कधी वहिनी भेटायच्या. बाबूजी सोबत असले तर त्यांना हसत टोमणा मारायच्या. “यायनंच पाडलं मले. मांगं बसून हळू हळू म्हनत होती, पन आयकते कोन?” बाबूजीही हसायचे. पहिल्या वर्षी ते हसणं खरं वाटायचं. नंतर तो टोमणा आला की ते पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे आणि पुढे चालायला लागायचे. पिशवी ते नेहमी स्वतःच उचलायचे. वहिनींना कुठे जायचं असलं की ऑटो, नाहीतर एस.टी. हिंगणीला भावाकडे जाणंही कमी झालं, असं ऐकलं.

गॅरेजात मी एक वेगळा डबा ठेवला, ब्रेकच्या सामानाचा. मातीच्या तेलाचा ट्रे तिथून चार हात लांब. कोणी दुसरा मिस्त्री गप्पा मारायला आला की मी त्याला सांगायचो, ‘डिस्कचं रबर मातीच्या तेलात टाकजो नको, एका मिस्त्रीनं असं केलतं तं बाईचा हात गेला.’ ते विचारायचे, कोणी? मी म्हणायचो, तिकडं पुलगावकडचा होता कोणी. असं मी किती जणांना सांगितलं असेल. ते ऐकून कोणाचा तरी अपघात टळला असेल, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

असंच चाललं असतं. पण सात वर्षांनी, एका सकाळी, बाबूजी एक कोरी करकरीत मोटारसायकल हाताने ढकलत गॅरेजला घेऊन आले. घामाने निथळत होते. मला वाटलं बंद पडली.

“बंद नाई पडली,” ते म्हणाले. “पोराची आहे. नोकरी लागली त्याले सेलूले, रोज जायचं यायचं. काल आनली शोरूममधून. तो झोपला आहे, म्हनून ढकलत आनली. मले चालवाची नाई.”

“मंग?”

त्यांनी समोरच्या चाकाकडे बोट दाखवलं. तिथे डिस्क होती. “हे काढून टाका.”

मला आधी समजलंच नाही. “काय काढू?”

“समोरचा ब्रेक. हा कॅलिपर का काय म्हनता ते. नळीसकट काढा. लिव्हर राहू द्या तसाच, त्याले समजलं नाई पाह्यजे. मांगचा ब्रेक आहे न, तेवढा पुरते.”

मी समजावायला लागलो. मोटारसायकल थांबते ती मुख्य समोरच्या ब्रेकवर. ब्रेक दाबला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो. नुसत्या मागच्या ब्रेकवर गाडी घसरत जाते, समोर ट्रक आला तर थांबणार नाही. हे सगळं मी सांगितलं, आणि सगळं खरं होतं. ते ऐकत नव्हते.

“तुमीच सांगतलं होतं न मले, डिस्क दोन बोटायची असते म्हनून,” ते म्हणाले. “पोरगं माह्यावर गेलं आहे. त्याचीही मूठच आवळन. त्याच्या मांगं उद्या कोनी बसन. मी एकीचा हात मोडून बसलो आहे मिस्त्री, घरात रोज पाह्यतो. तुमाले नाई काढाचा तं नका काढू. समोर आहे एक, त्याले सांगतो, तो काढून देईन.”

रस्त्यापलीकडे नवं गॅरेज झालं होतं, आणि तो खरंच काढून देणारा होता. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, हे आमच्या धंद्यात सगळ्यांचंच.

मी खाली बसलो. पाना घेतला. कॅलिपरचा खालचा बोल्ट सैल केला, मग वरचा. दोन्ही काढून ठेवले आणि कॅलिपर डिस्कवरून उतरवून हातात धरला. तो अजून नळीला लटकलेला होता. नवा होता, आतले पॅड कोरे. बाबूजी हँडल धरून माझ्या डोक्यावर उभे होते. आता फक्त नळीचा बोल्ट राहिला होता.

“बाबूजी,” मी म्हणालो, “तुमच्या हातानं नाई पडली गाडी.”

“काय?”

“तुमची मूठ नाई. मी तुमचा कॅलिपर मातीच्या तेलात धुतलता, दसऱ्याच्या टायमाले. त्यानं आतलं रबर फुगलं. ब्रेक लागून राह्यला तो सुटलाच नाई. तुमी दोन बोटायनं दाबला असता तरी तेच झालं असतं. तुमी मले सांगतलं होतं चाक जड वाटते म्हनून. मी उठून पाह्यलं नाई.”

त्यांच्या हातात लिव्हर होता, आणि तो हात आवळत गेला. माझ्या हातातल्या कॅलिपरचे दोन्ही पॅड सरकून एकमेकांना चिकटले, मध्ये डिस्क नव्हती म्हणून.

“तुले कवा समजलं?” बाबूजींनी विचारलं. इतक्या वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा एकेरीत बोलले.

“गाडी पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“दुसऱ्या दिवशी.” ते तेवढंच परत म्हणाले. मग, “अन मी गाडी न्याले आलो तवा?”

“तवा माहीत होतं.”

ते कडुनिंबाखालच्या टायरवर जाऊन बसले. मी कॅलिपर हातात धरून तसाच. समोरून शाळेच्या मुलांचा ऑटो गेला, एक ओळखीचा माणूस हात दाखवून गेला. बाबूजींनी त्याला उलट हात दाखवला नाही.

मग ते म्हणाले, “अन मजुरी नाई घेतली म्हनून मी तुले चांगला मानूस म्हनलं होतं बे.”

“हो.”

“मले वाटे, तिले हसता हसता खरंच राग असन माह्या. रात्री हात चोळून देतो मी तिचा. तवाही वाटे.” मग कॅलिपरकडे बघून म्हणाले, “ते बसव आता. बरोबर बसव.”

पॅड चिकटलेले होते, त्यामुळे कॅलिपर डिस्कवर चढेना. चपट्या पेचकसाने पॅडमध्ये फट करावी लागली, हळूहळू, कोरा पॅड ओरखडू नये म्हणून. कॅलिपर डिस्कवर सरकवला, दोन्ही बोल्ट हाताने लावले, मग पान्याने आवळले. लिव्हर चार-पाच वेळा दाबून पॅड डिस्कला आणून टेकवले. चाक उचलून फिरवलं, मोकळं होतं. दाबलं, थांबलं. सोडलं, सुटलं. बाबूजी उठून जवळ आले आणि त्यांनी स्वतः तेच केलं. दोन बोटांनी नाही, पूर्ण मुठीने. तीनदा. तिन्ही वेळा चाक थांबलं आणि सुटलं.

“चाल,” ते म्हणाले.

“कुठी?”

“घरी. मले सांगून काय होते? हात तिचा आहे.”

शेडचं दार नुसतं ओढून मी त्यांच्यासोबत निघालो. गाडी ढकलायला मी हात लावला, त्यांनी लावू दिला.

वहिनी ओट्यावर बसून गहू निवडत होत्या, सूप डाव्या हाताशी. आम्हाला बघून म्हणाल्या, “काय हो, पोराच्या गाडीले पयल्याच दिवशी मिस्त्री लागला? अन मिस्त्री, तुमी बसा न, उभे काऊन?”

“मिस्त्रीले काई सांगायचं आहे तुले,” बाबूजी म्हणाले आणि गाडी स्टँडवर लावून बाजूला सरले.

मी बसलो नाही. कसं बोलायचं याची वाटेत जुळवाजुळव केली होती, तिच्यातलं एक वाक्य आठवलं नाही. जसं आलं तसं सांगितलं. ट्रे, मातीचं तेल, चाक जड वाटतं म्हणून ते आले तेव्हा मी न उठणं, पार्टवाल्याकडे जाणं, सगळं. त्या ऐकत होत्या. गव्हावरचा त्यांचा हात थांबला होता. मध्ये एकदाच त्यांनी बाबूजींकडे बघितलं.

“वहिनी,” मी म्हणालो, “तुमचा हात माह्या चुकीनं मोडला, बाबूजींच्या नाई. अन ते मले दुसऱ्याच दिवशी माहीत होतं. सात वर्षं मी त्यायले दोषी राहू दिलं अन तुमाले बोलू दिलं. हात गेला ते चुकीनं गेला. पन गप्प राह्यलो ते समजून राह्यलो, भ्यालो म्हनून राह्यलो. तुमी माफ करान नाई करान, ते तुमच्या मनावर. मले माफी मागायची होती. तुमाले मागतो अन बाबूजींनाही मागतो. चुकलं माह्यं.”